पाणी कुठं मुरतंय

नॉर्मन बॅराक्लफ दार वाजवत नाही, भिंत वाजवतो.
दोन टकटक म्हणजे चहा. आज तीन. म्हणजे गाडी.

टॉडमॉर्डनच्या या चढत्या गल्लीत
त्याचं घर नि माझं एकाच भिंतीला टेकून उभं.
अठ्ठावीस वर्षं त्याचा खोकला माझ्याकडं येतो,
माझ्या शिवणयंत्राची घरघर त्याच्याकडं.
डोरीनचा रेडिओ तेवढा आता येत नाही.

गाडी तिचीच. मॉरिस मायनर, सन एकोणसत्तर,
वाटाण्याच्या सालीचा रंग.
"गॅस्केट गेलं," तो म्हणाला, टोपी काढून,
माणूस गेलं म्हणावं तसं,
आणि तेलाचं झाकण उलटं करून माझ्यापुढं धरलं:
आत पिवळट पांढरं, ताकावर यावं तसं लोणी.
"भंगारवाला दीडशे पौंड द्यायला तयार आहे."

म्हटलं, थांब.

इचलकरंजीत, मागं लूम खडखडत असताना,
डिझेल इंजिनाच्या पोटाला कान लावून अण्णा म्हणायचे,
पोरी, आधी पुसून घे.
मळलेल्या तोंडावर रोग दिसत नसतो.

रॉकेल, दोन फडकी, दात घासायचा जुना ब्रश.
इंजिन धुऊन वाळलं, तेव्हा पावडर मागितली.
तो वर गेला, बराच वेळ आला नाही,
मग डोरीनचा लॅव्हेंडरचा डबा घेऊन उतरला.
सांध्यासांध्यावर भुरभुरली.
गाडी गावातून एक फेरी मारून आणली,
खाली कालचं वर्तमानपत्र अंथरलं.

सकाळी बॅटरी धरून वाचायला बसले.
रॉकरच्या झाकणाखाली एक काळा ओघळ,
बुचाचं पॅकिंग वाळून बिस्कीट झालेलं.
बाजूच्या टॅपेटच्या झाकणाला दुसरा.
आणि क्लचच्या घंटेखाली, भोकातल्या लोंबत्या पिनेवरून
थेंब, थेंब, हवामानाच्या पानावर.
तो सोड. तिथं सील कधी नव्हतंच.
ज्यांनी घडवली त्यांनीच गळकी घडवली,
वर पिन अडकवली, थेंबाला वाट दाखवायला.
तेलही गेलं, तूपही गेलं, असं काहीतरी बोलून गेले
आणि तूप म्हणजे काय ते सांगण्यात दहा मिनिटं गेली.

"आणि हे लोणी?"
डिपस्टिक स्वच्छ. रेडिएटरात तवंग नाही.
किती चालवतोस?
"रविवारी. तिच्या दगडापर्यंत. चार मिनिटं जायला, चार यायला."
चार मिनिटांत इंजिन तापत नाही, नॉर्मन.
ही नुसती वाफ. बाहेर पडायला तिला वेळच मिळत नाही.

"मग चढाला धापा का टाकते?"

बरोबर विचारलंस.
चारही प्लग काढले, गेज धरलं, तो आत बसून किल्ली फिरवत राहिला.
पहिला, एकशे पंचेचाळीस.
दुसरा, पासष्ट.
तिसरा, पासष्ट.
चौथा, एकशे चाळीस.
मी पुन्हा मोजलं. तेच.
पाणी कुठंच मुरत नव्हतं.
दोन शेजाऱ्यांमधली भिंत जळाली होती,
एकाचा श्वास दुसऱ्यात जात होता.

हेड उचललं तेव्हा दिसलं:
तांब्यात नखाएवढी काळी खाच.
एवढंच? असं तो म्हणाला नाही. बोट फिरवत राहिला.

नवं गॅस्केट अठरा पौंडांचं.
नट मधून बाहेर आवळत जायचे, थोडे थोडे,
तीन फेऱ्यांत, कुणा एकाला एकदम नाही.
अण्णांचा हात माझ्या मनगटात होता, की नुसता संधिवात,
सांगता येत नाही.

शनिवारी बर्नली रोडनं वर निघालो.
तिसऱ्या गियरमध्ये चढली, न कुरकुरता.
तो काही बोलला नाही, काच खाली करून आवाज ऐकत होता.
वर पोचल्यावर वळायला हवं होतं, वळला नाही.
आणखी बरंच लांब गेलो.

परत आल्यावर हत्यारं पुसून दिली,
वर्तमानपत्र पुन्हा अंथरलं, त्या पिनेसाठी.
पावडरचा डबा तेवढा त्यानं मागून घेतला,
कानाशी हलवून पाहिला,
किती उरलीय.